गण्याला मिसरूड फुटलं, आता पिक्चर कसा पुरा करू?

ताई, नमस्कार.

मी विट्याचा, वय ३६. लग्नाची शूटिंग करतो. सीझनला पंचवीस-तीस लग्नं होतात, हाताखाली दोन पोरं आहेत. पण डोक्यात लहानपणापासून पिक्चर. आजोळच्या जत्रेत तंबू यायचा, तिथले रात्री उशिरापर्यंत चालणारे खेळ मी आज्याच्या मांडीवर झोपत-जागत बघितलेत. तीन शॉर्ट फिल्म केल्या. मग चार वर्षांपूर्वी मोठी फिल्म धरली. गोष्ट फिरत्या टॉकीजच्या म्हाताऱ्या मशीनवाल्याची आणि त्याच्या नातवाची, गण्याची. म्हातारा म्हणून खराच एक रिटायर ऑपरेटर घेतला. आता ८१ वर्षांचे आहेत.

१९ दिवस शूटिंग झालं, साडेसहा लाख गेले. त्यातले दीड लाख कोइमतूरला गलाईत (सोनं गाळायच्या धंद्यात) असलेल्या मावसभावाचे, दोन लाख बायकोच्या पाटल्यांवर उचललेले, बाकी माझी कमाई. मग पैसे संपले. दोन सीझन साठवले, तोवर तंबूवाल्या मालकाने ट्रक भंगारात घातला. आणि गण्या झालेला पोरगा तेव्हा ११ वर्षांचा होता, आता पंधराचा. आवाज फुटलाय, मिसरूड आलंय, माझ्यापेक्षा बोटभर उंच झालाय. सहा दिवसांचे सीन राहिलेत, त्यातच तंबूतल्या गर्दीसमोरचा शेवट आहे. नवीन पोरगा घेऊन पहिल्यापासून करायचं तर दहा लाख तरी लागतील. म्हातारेबुवा महिन्यातून एकदा फोन करतात, "माझा पिक्चर कधी?" हल्ली मी उचलत नाही.

मुंबईचा मित्र म्हणतो, दे सोडून, इकडं ये, सिरियलला एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, म्हणून चिकटवतो. बायको म्हणते, छंद असेल तर छंदासारखा करा, धंदा असेल तर धंद्यासारखा करा, हे मधलं काय आहे?

अजून एक. मला आता पिक्चर बघवत नाहीत. 'साबर बोंडं'ला अमेरिकेत मोठं बक्षीस मिळालं ती बातमी वाचली आणि रात्रभर झोप नाही. इकडं लागला तेव्हा मुद्दाम गेलो नाही. मी असा नव्हतो. सोबत चार मिनिटांची क्लिप पाठवतोय. सगळं एका हार्ड डिस्कवर पडून आहे. पिक्चरच्या दुसऱ्या दोन गोष्टीही डोक्यात तयार आहेत. काय करू?

— अर्धा पिक्चरवाला, विटा

*

अहो अर्धा पिक्चरवाले,

क्लिप आधी बघितली, पत्र नंतर वाचलं. संकलकाची खोड आहे ती. दिग्दर्शकाने आधी काही सांगितलं की मग पडद्यावर तेवढंच दिसायला लागतं.

तिसऱ्या मिनिटाला म्हातारेबुवा तुटलेली फिल्म जोडताहेत. टोकाला जीभ लावून ते ओलं करतात, ब्लेडने वरचा थर खरवडतात, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा ब्रश फिरवतात आणि दोन्ही टोकं चिमटीत दाबून धरतात. गण्या शेजारी बसून मनात आकडे मोजतोय. आवाज नाही, नुसते ओठ हलताहेत. मोजणं संपलं की बुवा तो जोड त्याच्या तोंडासमोर धरतात आणि पोरगं त्यावर हलकी फुंकर घालतं, चहा निवावा तशी. फुंकर घालताना त्याचे डोळे मिटतात.

मी हे सात वेळा बघितलं. पंचवीस वर्षं टेबलावर बसून माझं मन निबर झालंय, सात वेळा मी सहसा काही बघत नाही. ही फुंकर तुमच्या स्क्रिप्टमध्ये होती का हो? माझी खात्री आहे, नसणार. बुवांनी उभ्या आयुष्यात कुणाकुणाला तसं शिकवलं असेल, ते कॅमेऱ्यासमोर आपसूक झालं आणि तुम्ही त्या वेळी कॅमेरा बंद केला नाहीत. (मागे जनरेटर इतका घुमतोय की बुवांचं एक वाक्य मला कळलं नाही. त्याचं पुढे बोलू.)

आता गण्याच्या मिसरुडाकडे येते.

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' १९५२ साली सुरू केला आणि तो लोकांसमोर आला १९५५ मध्ये. रविवारी शूटिंग, पैसे संपले की बंद, मिळाले की पुन्हा सुरू. काशफुलांच्या रानातला तो प्रसिद्ध प्रसंग अर्धा झाला. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर गुरांनी सगळी फुलं चरून टाकलेली. फुलं पुन्हा येईपर्यंत, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत, थांबावं लागलं. नंतर राय म्हणायचे की तीन चमत्कार झाले म्हणून हा चित्रपट पुरा झाला: गोष्टीतल्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हातारी इंदिर ठाकरून गेली नाही. ती भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. काम पुरं करून दिलं, आणि चित्रपट लागायच्या आधीच त्या गेल्या.

ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक धडपड्या दिग्दर्शकाला तोंडपाठ असते आणि सगळे ती "बघा, चिकाटी असली की होतं" म्हणून सांगतात. मला ती नेहमी उलटी ऐकू येते. राय स्वतःच सांगताहेत की तीन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. चिकाटी तुमच्याकडे कमी नाही. तुमचा चमत्कार झाला नाही, एवढंच. आवाज फुटला आणि ट्रक भंगारात गेला. तुमच्या तीन चमत्कारांपैकी एकच शिल्लक आहे, तो ८१ वर्षांचा आहे आणि त्याचा फोन तुम्ही उचलत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: तुम्ही लिहिलेला पिक्चर आता होणार नाही. नवीन पोरगा आणून दहा लाखांत पुन्हा उभा करायचा विचार सोडा. नवा पोरगा फुंकर घालेल, पण ती तुम्ही सांगितलेली फुंकर असेल. मात्र जो पिक्चर तुम्ही शूट केलाय तो डिस्कवर पडलाय आणि तो अजून कुणी बघितलेला नाही. तुम्हीसुद्धा नाही. कारण इतके दिवस तुम्ही रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघताना एकच हिशोब करत आलात: काय राहिलंय. कुठे मध्ये टाकायला कटअवे नाही, कुठला समोरच्या बाजूचा रिव्हर्स शॉट घ्यायचा राहिला, शेवट कुठाय. काय आलंय, हा हिशोब कधी मांडलात?

तो असा मांडा. स्क्रिप्टची फाइल बायकोकडे द्या आणि सांगा, महिनाभर मागितली तरी देऊ नकोस. मग १९ दिवसांचं सगळं चित्रण, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने, पहिल्यापासून बघा. टेक ओके होता की एनजी (नो गुड, म्हणजे बाद) याकडे लक्ष देऊ नका. आणि महत्त्वाचं म्हणजे क्लॅपच्या आधीपासून बघा आणि "कट" म्हटल्यानंतर कॅमेरा बंद होईपर्यंत बघा.

हे का सांगते ते ऐका. मी असिस्टंट होते तेव्हा स्टीनबेक नावाच्या संकलनाच्या टेबलावर फिल्मची कापाकापी चालायची. टेबलाशेजारी बिनमध्ये फिल्मचे तुकडे दोरीवर कपडे टाकावेत तसे लटकलेले असायचे आणि ते नंबरवारी सांभाळणं हे माझं काम. एका फिल्मच्या शेवटच्या प्रसंगासाठी नटीच आली नाही, पैशांवरून काहीतरी झालं होतं. निर्माता डोकं धरून बसला. आमच्या सरांनी मला तिच्या दुसऱ्याच एका प्रसंगाचे एनजी तुकडे काढायला लावले. त्यात ॲक्शन म्हणायच्या आधीचे नऊ-दहा सेकंद होते. लाइटवाला काहीतरी नीट करतोय आणि ती नुसती उभी आहे, दाराकडे बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला बिचारीला वाटत होतं कॅमेरा अजून सुरू व्हायचाय. त्या नऊ सेकंदांवर तो चित्रपट संपला. पुढे समीक्षकांनी तिच्या त्या शेवटच्या नजरेवर परिच्छेद लिहिले. सर वाचून खोकल्यासारखं हसायचे.

तुमच्याकडे असं पुष्कळ असणार. अकरा वर्षांचं पोरगं ॲक्शनच्या आधी आणि कटच्या नंतर जे करतं, ते ॲक्शनमध्ये करत नाही. बघताना जे आवडेल त्याची पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक ओळ लिहा. "फुंकर." "बुवा रीळ गुंडाळताना पुटपुटतात." असं. कागद भिंतीवर चिकटवा, पण कथेच्या क्रमाने नको, जे जवळजवळ राहू मागतील ते जवळ. साठ-सत्तर कागद झाले की भिंतच बोलायला लागते. स्वयंपाकघरातली भिंत घ्या, म्हणजे घरातले येताजाता वाचतील आणि प्रश्न विचारतील. त्यातले निम्मे प्रश्न तुमच्यापेक्षा बरे असतील.

दुसरी गोष्ट पोराची. त्याला आत्ता बोलवू नका. पंधरा वर्षांचा म्हणजे दहावीच्या आसपास असणार. परीक्षा असेल तर ती होऊ द्या, त्याच्या आईचे शिव्याशाप घेऊन कुठलीच फिल्म पुरी होत नाही. मग सुट्टीत एक दिवस त्याला घरी बोलवा, शर्टाला लेपल माइक लावा, पंखा बंद करा आणि त्याचे स्वतःचे चार वर्षांपूर्वीचे रशेस त्याला दाखवा. बाकी काही करू नका. प्रश्न काढून ठेवू नका, संवाद तर मुळीच लिहू नका. तो हसेल, लाजेल, "ए, हे काय" म्हणेल, बुवांविषयी काहीतरी बोलेल. तो नवा घोगरा आवाज त्या जुन्या बारक्या चेहऱ्यावर टाकून बघा. ज्याला तुम्ही चार वर्षं अडचण म्हणताय, तेच कदाचित तुमच्या फिल्मचं कथन असेल. अमेरिकेत रिचर्ड लिंकलेटर यांनी एकाच मुलाला घेऊन बारा वर्षं थोडं थोडं चित्रण केलं. ते त्यांनी ठरवून केलं, तुमच्यावर ते येऊन पडलं. पडद्यावर पोरगं मोठं झालेलं दिसतं तेव्हा प्रेक्षक ठरवून की न ठरवून असं विचारत नाही.

जमलंच तर एक दिवस शूट करा. फक्त एक. ज्या भंगारवाल्याकडे ट्रक गेला तिथे बुवांना आणि पोराला घेऊन जा. ट्रक उरला नसेल तरी जा. काय म्हणतील ते म्हणू द्या. दोनशे माणसांची गर्दी आणि तंबू लावून शेवट करायची तुमची कल्पना पत्रावरून मला दिसतेय आणि खरं सांगू, ती थोडी ओळखीची वाटते. म्हातारा थकतो, नातू मशीन चालवतो, लोक टाळ्या वाजवतात. पैसे संपले हे त्या शेवटापुरतं बरंच झालं असं मला वाटतं. रागावू नका.

लांबीचं एवढंच: जेवढी होईल तेवढी होऊ द्या, पण ४५ ते ६५ मिनिटांच्या मध्ये अडकली तर पुन्हा विचार करा. ती लांबी कुणालाच नको असते. ऑस्करच्या नियमात शॉर्ट म्हणजे ४० मिनिटांपर्यंत, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फीचर म्हणवून घ्यायला सत्तरच्या वर जावं लागतं. मधल्या फिल्मला निवड समितीतली माणसं आवडली तरी कुठे ठेवू म्हणतात. क्लिपवरून माझा अंदाज आहे की तुमच्याकडे चाळीसच्या आतली एक फार चांगली फिल्म आहे. "मोठी" फिल्म करायला निघालो होतो, याचं दुःख होईल. होऊ द्या.

आता पाटल्यांकडे येऊ.

आपल्या सिनेसृष्टीची सुरुवातच बायकोच्या दागिन्यांपासून होते. दादासाहेब फाळके, विमा पॉलिसी, सरस्वतीबाईंचे दागिने, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. राय यांच्या पत्नीचेही दागिने गहाण पडलेले. ही गोष्ट इतकी सांगून झालीय की हल्ली बायकोचं सोनं मोडलं म्हणजे आपण कलावंत झालो असं पोरांना वाटायला लागलंय. मला त्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो कमी सांगितला जातो. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड टाकायच्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने देणारी बायको म्हणून त्यांचा फोटो लावला जातो, पण त्या युनिटमधल्या तंत्रज्ञ होत्या. त्यांना ते काम माहीत होतं, पैसा कुठे जातोय हे रोज डोळ्यांनी दिसत होतं.

फाळक्यांचं आणखी एक. हरिश्चंद्राच्या आधी भांडवलवाल्यांना पटवायला त्यांनी काय दाखवलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून एकेक फ्रेम घेत त्याचा अंकुर वाढताना टिपला. मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ. माणूस स्वप्न केवढं बघत होता आणि दाखवायला वाटाणा घेऊन गेला! तुमचा वाटाणा ती फुंकर आहे.

तर पाटल्या आधी सोडवा. भंगारवाल्याकडचा एक दिवस सोडून एकही रुपया शूटिंगवर घालू नका, जोवर त्या घरी येत नाहीत. गलाईवाल्यांच्या गावात राहता, सोन्याचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. व्याज चढत राहतं आणि प्रत्येक हप्त्याला घरात तुमच्या फिल्मविषयी एक न बोललेलं वाक्य साचत जातं. दोन सीझन जे साठवलंत ते तिकडे वळवा. संकलनाला तुम्हाला पैसे लागणार नाहीत. लग्नाच्या कामाचा संगणक घरात आहे, दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती या कामाला पुरून उरते.

बाईंचं वाक्य मात्र मला फार आवडलं. छंद की धंदा, हे मधलं काय? त्यांना सांगा, मधल्यालाच आमच्यात सिनेमा म्हणतात. विनोद सोडा. त्या हिशोब मागताहेत आणि तुम्ही मान खाली घालताय. भिंतीवरचे कागद त्यांना वाचू द्या, पहिली असेम्ब्ली, म्हणजे कच्ची जोडणी, त्यांनाच दाखवा आणि कुठे कंटाळल्या ते विचारा. ज्या माणसाचे दोन लाख अडकलेत तो खोटं कौतुक करत नाही. एवढा चांगला प्रेक्षक पैसे देऊन मिळत नाही.

मुंबईचं थोडक्यात. सिरियलच्या सेटवर एडी म्हणून लागलात तर काम शिकाल: कंटिन्युटी, कॉलशीट, माणसं सांभाळणं. सकाळची शिफ्ट रात्री संपते आणि मग अर्ध्या तासाच्या लोकलमध्ये कुणालाही गोष्ट सुचत नाही. विशीत असता तर जा म्हटलं असतं. ३६ व्या वर्षी, दोन पोरांचा रोजगार तुमच्यावर असताना, अर्धी फिल्म डिस्कवर टाकून जाणं म्हणजे बुवांचा फोन न उचलणंच आहे, फक्त लांबून. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरला शिकताना केला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण हवं तर मालेगावचे नासिर शेख घ्या. व्हिडिओ पार्लर आणि लग्नाच्या शूटिंगचा अनुभव, यंत्रमागाच्या गावातली माणसं आणि नट म्हणून शेजारीपाजारी. सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन. त्यांच्या 'मालेगाव के शोले'ला तिथे गर्दी झाली आणि त्यांच्यावर पुढे माहितीपट निघाला, मग हिंदी चित्रपटही.

तुम्ही पत्रात "लग्नाची शूटिंग करतो" हे वाक्य कबुलीजबाबासारखं लिहिलंय. का? अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरा-नवरीवर कॅमेरा सगळेच ठेवतात. तुमच्यातला जो हुशार असतो तो त्या क्षणी नवरीच्या आईला शोधतो. रीटेक नाही, लाइट भटजींच्या मर्जीवर, मध्येच कुणा काकांचा मोबाइल आडवा. अशात पंचवीस-तीस वेळा दर वर्षी तुम्ही योग्य चेहरा शोधलाय. फुंकर घातली तेव्हा कॅमेरा बंद न करायची सवय तुम्हाला कुठून लागली असं वाटतं?

आणि आता ती रात्रभर न लागलेली झोप.

'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. रोहन कानवडे यांची ती पहिली फीचर. मला स्वतःला आनंद झाला, पण पहिले पाच मिनिटं नाही. पहिले पाच मिनिटं मी संकलकाचं नाव शोधत होते आणि मनात म्हणत होते, मला का नाही विचारलं. तेव्हा मत्सराचं मला काही सोवळं नाही. माझ्या बरोबरच्या एका मैत्रिणीला पुरस्कार मिळाला तेव्हा मी तिला अभिनंदनाचा फोन करायला अकरा दिवस घेतले आणि ताप आला होता असं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. आजही चिडवते.

पण मत्सर वेगळा आणि सिनेमा न बघवणं वेगळं. दुसरं जास्त वाईट. तुमचं काय झालंय सांगू? गेली चार वर्षं प्रत्येक पिक्चर तुम्ही निर्माता म्हणून बघताय. हा शॉट केवढ्याला पडला असेल, याला पैसे कुणी दिले, हा फेस्टिवलला कसा गेला. आज्याच्या मांडीवरचं पोरगं बाहेर उभं आहे, त्याला तिकीटच मिळत नाही.

आपले पी. के. नायर, ज्यांनी पुण्याचं चित्रपट संग्रहालय उभं केलं, ते त्रिवेंद्रमला वाळूवर बसून सिनेमे बघत वाढले आणि पोरवयात तिकिटांचे तुकडे जमवायचे. एकही चित्रपट त्यांच्या नावावर नाही. पण फाळक्यांची रिळं आज आपल्याला बघायला मिळतात ती त्यांनी शोधून जपली म्हणून. सिनेमावर प्रेम करायला सिनेमा काढावाच लागतो असं नाही हे त्या एका माणसाकडे बघून मला कळलं, आणि गंमत म्हणजे ते कळल्यावर माझं काम सुधारलं.

तर 'साबर बोंडं' बघा. मुंबईतला एक जण वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, एवढ्यावर उभा आहे तो. तुम्हाला तो परका वाटणार नाही, आणि म्हणूनच तुम्ही टाळताय. एकट्याने मोबाइलवर बघू नका. मंडपात लावायचा प्रोजेक्टर नाहीतर एलईडी पडदा तुमच्याकडे असेलच, नसेल तर ओळखीत असेल. पावसाळ्यात लग्नं नसतात. दर शनिवारी घरच्या दहा-बारा माणसांना बोलवा आणि पिक्चर लावा, जुना, नवा, कुठलाही. मुंबईत प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीने १९६८ पासून हेच केलं. विट्यात शनिवारी करायला कुणी अडवत नाही. फक्त एक नियम: पिक्चर संपल्यावर कॅमेरा, बजेट, पुरस्कार यावर बोलायचं नाही. कुणाचं काय पटलं, कोण लबाड वाटलं, कुठे रडू आलं, तेवढंच. पंगतीत वाढपी होऊन कंटाळा आला की कधीतरी पानावरही बसावं लागतं.

किरकोळ पण कामाचं. जनरेटरचा आवाज सगळीकडे पसरवून घ्या, म्हणजे तो दोष न वाटता जागा वाटते. तरी बुवांची महत्त्वाची वाक्यं त्यांच्याकडून शांत खोलीत एकदा वदवून घ्या, डबिंगसारखी नकोत, गप्पांसारखी. तंबूत वाजणारी जुनी हिंदी गाणी पार्श्वभूमीला आली असतील तर आत्ताच वेगळी काढा. त्या हक्कांपायी चांगल्या फिल्म कपाटात राहिलेल्या मी बघितल्यात. इंग्रजी सबटायटल मित्राच्या मुलाकडून करून घेऊ नका. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, हातात आला की गोव्याच्या फिल्म बाजारात वर्क-इन-प्रोग्रेस (अपुऱ्या फिल्मचा) विभाग असतो, त्याचे नियम वाचा. मात्र तो फीचरवाल्यांसाठी, चाळीस मिनिटांत मावलात तर थेट लघुपटांचे महोत्सव. आणि डझनावारी महोत्सवांना फी भरत बसू नका. "बेस्ट फिल्म ऑफ द मंथ" देणारे बरेच नुसते फी गोळा करतात.

दुसऱ्या दोन गोष्टी डोक्यात तयार आहेत म्हणता. असू द्या. अर्धी फिल्म घरात असली की नव्या गोष्टी फार छान सुचतात. मला तर तेव्हा पुस्तकं आवरायचीही हुक्की येते.

बुवांना आज संध्याकाळी फोन करा. कारणं सांगू नका. "कधी" विचारतील. सांगा, तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही पण याच वर्षी, आणि पहिला खेळ तुमच्या अंगणात, चादरीवर. चादर कशी ताणायची ते तुम्हाला त्यांच्याकडूनच शिकावं लागेल.

— तुमची ताई

ता. क. "सगळं एका हार्ड डिस्कवर पडून आहे" हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की मला दरदरून घाम फुटला. २००९ साली माझ्या हातून एक डिस्क टेबलावरून पडली होती. तेरा दिवसांचं चित्रण, एका आदिवासी पाड्यावरचं, त्यातली दोन माणसं आज हयात नाहीत. त्या दिग्दर्शकाने मला शब्दानेही दुखावलं नाही, म्हणून ते अजून जास्त टोचतं. रशेस, कागद, भिंत हे सगळं नंतर. उद्या दुकान उघडलं की दोन नव्या डिस्क घ्या, दोन्हींवर कॉपी करा आणि एक मावसभावाकडे कोइमतूरला पाठवून द्या. त्याचेही दीड लाख त्यातच आहेत, नीट सांभाळेल.